शिवराईपासून सुरुवात करणाऱ्या नवख्या संग्राहकाने कोणत्या साधनांवर विसंबावे?

गोदाकाठ
सप्रेम नमस्कार. आमच्या देवघरातल्या ताम्हनात काही जुनी तांब्याची नाणी वर्षानुवर्षे पूजेला आहेत. त्यांतल्या बहुतेक नाण्यांवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरे, अर्धवट का होईना, पण लागतात. एका नाण्यावर मात्र हनुमानाची आकृती, ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि 1818 हे साल आहे. ही नाणी विकण्याचा माझा विचार नाही; ती कोणत्या काळातली आहेत आणि कशी ओळखावीत हे शिकण्याची इच्छा आहे, आणि जमल्यास पुढे अशा नाण्यांचा, म्हणजे शिवराईचा, छोटा संग्रहही करायचा आहे.

अडचण अशी आहे की जिथे शोधावे तिथे वेगळेच उत्तर मिळते. एका चित्रफितीत प्रत्येक शिवराई शिवाजी महाराजांनी स्वतः पाडून घेतली असे सांगून तिची किंमत लाखांत दाखवली आहे. एका मोडवाल्याने तीच नाणी हातात घेऊन तांब्याच्या भावाने मागितली. ग्रंथालयात जगभरच्या नाण्यांची एक जाडजूड इंग्रजी सूची पाहायला मिळाली, पण तिच्यात मराठा नाण्यांना दिलेली जागा इतकी थोडी आहे की माझ्या हातातले नाणे त्या चित्रांपैकी कोणाशीच जुळेना. तेव्हा कोणते ग्रंथ, कोणती संस्था, कोणती संकेतस्थळे भरवशाची मानावीत, आणि मुख्य म्हणजे भरवशाची आहेत हे माझ्यासारखीने कसे ओळखावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

टांकसाळे
ताई, प्रश्नाचा शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. शिवराईच्या बाबतीत एखादे साधन भरवशाचे आहे की नाही हे तपासण्याची एक सोपी कसोटी आहे: नाण्यावरचे नाव आणि नाणे पाडल्याचा काळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लेखकाला ठाऊक आहे का, ते पाहावे. शिवराई 1674 च्या राज्याभिषेकाच्या सुमारास सुरू झाली हे खरे. पण तोच मजकूर पुढच्या छत्रपतींच्या काळात आणि नंतर थेट पेशवाईच्या अखेरीपर्यंत तांब्यावर उमटत राहिला, आणि ही नाणी लोकांच्या हातात तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत फिरत होती. त्यामुळे आज बाजारात दिसणाऱ्या बहुसंख्य शिवराया महाराजांच्या निधनानंतरच्या आहेत. हा भेद न करणारी चित्रफीत किंवा लेख पहिल्या परिच्छेदातच बाजूला ठेवावा, पुढे वाचण्यात वेळ घालवू नये.

दुसरी कसोटी मोजमापाची. नाण्याचे वजन ग्रॅममध्ये, व्यास मिलिमीटरमध्ये आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे ज्या नोंदीत नाहीत, त्या नोंदीशी आपले नाणे ताडून पाहता येत नाही. आणि जी ताडून पाहता येत नाही ती माहिती कितीही रसाळ असली तरी संग्राहकाच्या उपयोगाची नाही. चांगला लेखक आपले मत कशावर आधारलेले आहे तेही सांगतो: अमुक ठिकाणी सापडलेला साठा, अमुक सनद, अमुक संग्रहालयातले नाणे. जिथे पुरावा नाही तिथे तो ‘निश्चित सांगता येत नाही’ असे लिहायला कचरत नाही.

आता प्रत्यक्ष साधने. मराठा नाण्यांसाठी के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचा ‘मराठा मिंट्स अँड कॉइनेज’ हा 1989 चा इंग्रजी ग्रंथ आजही पायाभूत मानला जातो. तो नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेने प्रसिद्ध केला. आपले नाव पाहता आपण गोदावरीच्याच परिसरातल्या असाव्यात. तसे असेल तर आपल्याइतके नशीबवान नवखे थोडे. डॉ. परमेश्वरीलाल गुप्त आणि माहेश्वरी यांच्या पुढाकाराने 1980 मध्ये उभी राहिलेली ही संस्था त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यावर आहे, आणि तिथे नाण्यांचे संग्रहालयही आहे. जाण्यापूर्वी फोन करून वेळ विचारून घ्यावी. त्या ग्रंथाने एक फार मोठी गोष्ट होते: पेशवाईत खासगी व्यक्तींनाही टांकसाळ चालवण्याचे परवाने मिळत असत, त्यामुळे एकाच काळात अनेक ठिकाणी, वेगवेगळ्या कारागिरांच्या हातून, कमीअधिक कसबाने नाणी पडत होती, हे चित्र स्पष्ट होते. ते एकदा समजले की ‘शिव’ ऐवजी ‘सिव’ का दिसते, वेलांटी कधी ऱ्हस्व कधी दीर्घ का, अक्षरे कधी रेखीव तर कधी ओबडधोबड का, याचे आश्चर्य वाटत नाही.

एक सूचना मात्र आग्रहाने करतो. सुरुवातीला एकाच मालिकेला धरून राहावे. शिवराई घेतली तर शिवराईच. सातवाहन, मुघल, ब्रिटिश आणि प्रजासत्ताक भारत अशा चारही दिशांना एकदम हात घातला की प्रत्येकाची वरवरची माहिती गोळा होते आणि बनावट नाणे ओळखण्याइतकी नजर कशातच तयार होत नाही.

पेठकरी
टांकसाळे साहेबांचा आदर राखून थोडे वेगळे मत मांडतो. ग्रंथ हवेतच, पण ग्रंथातल्या कृष्णधवल चित्रांवरून बनावट शिवराई ओळखायला कोणी शिकल्याचे मी पाहिलेले नाही. ती नजर नाणी हाताळूनच येते. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात जावे, नाणेप्रदर्शनांत जावे, विक्रेत्याची परवानगी घेऊन नाणी कडेने धरून पाहावीत, आणि पहिले काही महिने खिशात पैसेच नेऊ नयेत.

काय पाहायचे तेही सांगतो. शिवराई हातोड्याने ठोकून पाडलेली असते. त्यामुळे तिचा गोळा, म्हणजे ज्यावर ठसा मारतात तो तांब्याचा तुकडा, अगदी गोल नसतो, कडेला ठोक्याने पडलेल्या बारीक भेगा असतात, आणि ठसा बहुधा नाण्यापेक्षा मोठा असल्यामुळे कुठे ‘श्री’ बाहेर गेलेली असते तर कुठे ठिपक्यांच्या वर्तुळाचा निम्मा भागच उमटलेला असतो. नकली नाणे बहुतेक वेळा साच्यात ओतलेले असते. दहा पट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली त्याच्या पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी भोके दिसतात, अक्षरांच्या कडा वापरलेल्या साबणाच्या वडीसारख्या गोलसर झालेल्या असतात, आणि कडेवर कधी कधी दोन साच्यांच्या सांध्याची घासून काढलेली रेघ सापडते. आणखी एक खूण तर भिंगाशिवायही कळते. एकाच ठशाने पाडलेल्या दोन अस्सल नाण्यांची अक्षरे जुळतील, पण गोळ्याचा आकार, भेग आणि ठसा सरकल्याची दिशा या तिन्ही गोष्टी कधीच जुळणार नाहीत. त्या तिन्ही जुळणारी दोन नाणी एकाच विक्रेत्याकडे दिसली तर मुकाट्याने पुढच्या दुकानाकडे वळावे. हे कुठल्या पुस्तकात वाचून मनात ठसत नाही. चांगली आणि वाईट नाणी शेजारी शेजारी ठेवून पाहावी लागतात.

टांकसाळे
पेठकरी, हाताळण्याबद्दल दुमत नाही. परंतु वजन आणि मजकूर आधी ठाऊक नसताना जुन्या बाजारात गेलेला माणूस विक्रेत्याचेच शिक्षण घेऊन परत येतो, आणि विक्रेता हा त्या व्यवहारात त्रयस्थ नसतो. प्रामाणिक विक्रेते आहेत, त्यांच्याकडून मीही पुष्कळ शिकलो. पण त्यांचे म्हणणे तपासून पाहायला घरी एक ग्रंथ आणि एक बारीक वजनकाटा हवा, इतकेच माझे म्हणणे आहे.

ठोकपीट
ताईंच्या हनुमानाच्या नाण्याबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. ते चलनी नाणे नाही. कंपनीच्या नावाचे आणि 1818 सालचे, हनुमान, रामदरबार किंवा अन्य देवतांच्या आकृती असलेले असे तुकडे बाजारात ढिगाने मिळतात, आणि त्यांवर अर्धा आणा किंवा एक आणा अशी किंमतही घातलेली असते. कंपनीने साऱ्या मुलखासाठी एकसारखी नाणी 1835 मध्ये सुरू केली. 1818 मध्ये तिच्या मुंबई, मद्रास आणि बंगाल या इलाख्यांची नाणी वेगवेगळी होती आणि मुंबईच्या तांब्याच्या नाण्यांवर तराजू असे. एक आण्याचे नाणे तर 1906 च्या नाणेकायद्यानंतर, तेही तांबे आणि निकेल यांच्या मिश्रणात आणि नागमोडी कडेचे निघाले. म्हणजे पुस्तकातल्या दोनतीन सनावळ्या माहीत असल्या तरी हा तुकडा एका मिनिटात बाद होतो. पूजेत तो अवश्य राहू द्यावा, भक्तीला टांकसाळीचा दाखला लागत नाही. पण असा तुकडा ‘तांदूळ ओढतो’ किंवा ‘दैवी धातूचा आहे’ असे सांगत कोणी दारात आले तर त्याला घरात घेऊ नये. त्या नावाखाली अनेकांना लाखोंनी फसवले गेले आहे आणि पोलिसांत गुन्हेही नोंदले गेले आहेत.

चित्रफितींबद्दल: वैष्णोदेवीच्या आकृतीचे 2012 चे पाच किंवा दहा रुपयांचे नाणे द्या आणि लाखो रुपये घ्या, अशा जाहिराती सर्वांनी पाहिल्या असतील. आधी ‘नोंदणी शुल्क’ आणि मग ‘कर’ या नावाखाली पैसे उकळणे एवढाच त्यांचा धंदा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर निवेदन काढून स्पष्ट केले की जुन्या नोटा व नाणी यांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा संबंध नाही आणि त्यासाठी ती कोणाकडूनही शुल्क किंवा दलाली मागत नाही. बँकेचे नाव वापरणारे साधन तिथेच बाद.

गोदाकाठ
सर्वांचे मनापासून आभार. शेजारच्या सराफांच्या काट्यावर दोन नाणी तोलून आणली. एक 11.9 ग्रॅम भरले. दुसरे 8.6 ग्रॅम भरले, आणि त्याच्यावर अक्षरांच्या मध्ये आडव्या दोन समांतर रेघा आहेत. दोन्ही नाणी सणासुदीला चिंचेने आणि कधी पितांबरीने घासली जात असल्यामुळे गुळगुळीत झाली आहेत. इतक्या माहितीवरून काही सांगता येईल का? आणि ती आणखी स्वच्छ केली तर अक्षरे अधिक लागतील का?

टांकसाळे
दोन समांतर रेघांचे नाणे हे दुदांडी शिवराई या प्रकारातले दिसते. तो प्रकार उत्तरकाळातला आहे आणि वजनालाही हलका असतो, त्यामुळे 8.6 ग्रॅम हे त्याला साजेसेच आहे. आधीच्या काळातल्या शिवराया साधारणपणे 11 ते 13 ग्रॅमच्या दरम्यान भरतात, म्हणून पहिल्या नाण्याचे वजन योग्य वाटते. पण केवळ वजनावरून ते अमुक छत्रपतींचे असे म्हणणे धाडसाचे होईल. अक्षरांचे वळण, ठिपक्यांच्या वर्तुळाची घडण आणि ओळींची मांडणी हे सर्व एकत्र पाहावे लागेल. छायाचित्र काढताना दिवा वरून न धरता बाजूने तिरपा धरावा, शेजारी मोजपट्टी ठेवावी आणि दोन्ही बाजू घ्याव्यात. झिजलेली अक्षरे तिरप्या उजेडात अशी वर येतात की डोळ्यांना नुसते पाहून दिसली नसती.

घासणे मात्र कृपा करून थांबवावे. तांब्यावर काळाने चढलेला तपकिरी किंवा हिरवट थर हे नाण्याचे संरक्षण असते आणि अस्सलपणाचा पुरावाही. चिंचेचे आम्ल तो थर खाते, पितांबरीची भुकटी अक्षरे झिजवते, आणि गेलेले अक्षर परत येत नाही. आपली नाणी पूजेतली आहेत, त्यांची चकाकी हा त्यांच्या इतिहासाचा भाग समजून ती आहेत तशी ठेवावीत. अभ्यासासाठी एखादी न घासलेली, साधीशी शिवराई वेगळी घ्यावी. ती ठेवायला स्वस्त, मऊ प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरू नयेत. त्यांतल्या पीव्हीसीमुळे काही काळाने नाण्यावर चिकट हिरवा लेप धरतो.

सागरपार
मी न्यू जर्सीत राहतो आणि इथून मराठा नाणी हाताळायला मिळणे कठीणच, त्यामुळे घरबसल्या उघडता येणाऱ्या साधनांचा माझा अनुभव उपयोगी पडावा. सर्वप्रथम संग्रहालयांच्या सूची. ब्रिटिश म्युझियमची आणि न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीची सूची विनामूल्य पाहता येते, आणि वजन, व्यास, नोंदणी क्रमांक अशा तपशिलांमुळे तिथली नोंद दुसऱ्याला तपासता येते. ‘झेनो’ या संकेतस्थळावर जगभरच्या संग्राहकांनी पौर्वात्य नाण्यांची हजारो छायाचित्रे चढवली आहेत. तिथे एखाद्या नोंदीखाली झालेली चर्चा मूळ नोंदीपेक्षा अधिक शिकवून जाते, कारण ओळख चुकली असेल तर कोणीतरी ती दाखवून देतो. ‘नुमिस्टा’ आधुनिक नाण्यांसाठी उत्तम आहे, पण हाताने ठोकलेल्या नाण्यांचे असंख्य उपप्रकार तिथल्या साच्यात नीट मावत नाहीत. छायाचित्रावरून नाणे ओळखून देणारी मोबाइल ॲप्स शिवराईच्या बाबतीत मी पूर्ण निरुपयोगी समजतो. अर्धाच मजकूर उमटलेले नाणे त्यांना उलटे की सुलटे तेही कळत नाही.

1970 मध्ये स्थापन झालेल्या ओरिएंटल न्यूमिस्मॅटिक सोसायटीची जुनी वार्तापत्रे महाजालावर वाचता येतात आणि त्यांत मराठा टांकसाळींवरचे छोटे पण फार कसदार लेख सापडतात. शंभर वर्षांपूर्वीचे, स्वामित्वहक्क संपलेले ग्रंथ इंटरनेट आर्काइव्हवर आहेत. सातवाहन आणि क्षत्रपांच्या नाण्यांवरची रॅप्सन यांची 1908 ची सूची तिथे पूर्ण वाचता येते. तिची काही मते आता मागे पडली आहेत, पण चित्रे आणि वजने मागे पडत नाहीत. जोगळटेंभीच्या साठ्यावरचे जुने लेखनही असेच वाचण्याजोगे आहे: 1906 मध्ये नाशिकजवळ सापडलेल्या, क्षत्रप राजा नहपानाच्या सुमारे 13,000 चांदीच्या नाण्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. एका राजाने दुसऱ्याचा पराभव केल्याचा असा ढळढळीत पुरावा क्वचितच मिळतो, आणि साठ्यांचे अहवाल का वाचावेत हे त्यावरून कळते.

कायद्याचे दोन शब्द लिहितो, कारण परदेशातल्या नातेवाइकांना ‘एक शिवराई पाठव’ असे सहज सांगितले जाते. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुने नाणे ही पुरावस्तू आहे आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. शेतात किंवा पाया खोदताना साठा सापडला, तर 1878 च्या निधीविषयक कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाच्या साठ्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. साठा गुपचूप वाटून घेतला की तो कुठे, कशात आणि कोणत्या नाण्यांसोबत मिळाला ही माहिती कायमची नाहीशी होते. पैशांच्या नुकसानीपेक्षा ते नुकसान मोठे.

चांदवडी
शिवराईवर देवनागरी आहे म्हणून सोपी वाटते, पण ताईंनी पुढे मराठ्यांच्या चांदीच्या रुपयांकडे वळायचे ठरवले तर फारसी अक्षरओळख हेच पहिले साधन. पुण्याचा अंकुशी रुपया काय किंवा आमच्या चांदवडचा चांदोरी रुपया काय, मराठ्यांच्या या रुपयांवर मजकूर मुघल बादशहाच्या नावाचा आणि फारसीत असतो; टांकसाळ ओळखायची ती अंकुशासारख्या चिन्हांवरून आणि नावाच्या उमटलेल्या तुकड्यावरून. सगळी भाषा शिकण्याची गरज नाही. ‘सिक्का’, ‘मुबारक’, ‘बादशाह गाझी’, ‘शाह आलम’, ‘जर्ब’, ‘जुलूस’ एवढे शब्द आणि दहा अंक डोळ्यांत बसले की निम्मे काम होते. हिजरी सालाचे इसवी साल ढोबळमानाने काढायचे तर त्याला 0.97 ने गुणून 622 मिळवावेत. 1200 हिजरी म्हणजे 1786 च्या आसपास. मात्र मराठा टांकसाळींत जुनेच साल वर्षानुवर्षे तसेच ठेवले जाई, त्यामुळे नाण्यावरचे साल हे पाडल्याचे साल असेलच असे नाही.

या टांकसाळींविषयी जिल्ह्यांची जुनी इंग्रजी गॅझेटियर्स जरूर पाहावीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिहिली गेल्यामुळे, कोणते नाणे कोणत्या भागात चालत होते याच्या त्यांतल्या नोंदी जवळच्या काळातल्या आहेत.

गोदाकाठ
हे सर्व माझ्या अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त आहे. शेवटचा एक प्रश्न: अभ्यासासाठी एखादी शिवराई विकत घ्यायची तर तिची योग्य किंमत कुठे पाहावी? सूचीत दिलेल्या किमती ग्राह्य धराव्यात का?

पेठकरी
सूचीतली किंमत छापली जाते तेव्हाच शिळी झालेली असते. विक्रीच्या संकेतस्थळांवर लावलेली किंमतही पाहू नये, कारण मागणारा काहीही मागू शकतो. परवानाधारक लिलावगृहे पूर्ण झालेल्या लिलावांचे निकाल छायाचित्रांसह ठेवतात. प्रत्यक्ष कितीला बोली तुटली तो आकडा पाहावा आणि त्यावर लिलावगृहाचे शुल्क व कर वेगळे असतात हे धरून चालावे. सर्वसाधारण, झिजलेली पण वाचता येणारी शिवराई ही दुर्मिळ वस्तू नाही. तिच्यासाठी कोणी लाखाची भाषा केली तर तो एकतर अज्ञानी आहे किंवा आपल्याला अज्ञानी समजतो आहे.

टांकसाळे
त्यात एवढीच भर घालतो की पावतीवर ‘जुने तांब्याचे नाणे’ असे मोघम न लिहिता प्रकार, वजन आणि नाणे अस्सल नसल्यास परत घेण्याची हमी लिहून घ्यावी. असे लिहून द्यायला जो विक्रेता तयार होतो, त्याच्याकडेच पुन्हा जावे. आणि पहिल्या खरेदीआधी तो ग्रंथ अंजनेरीला किंवा एखाद्या मोठ्या ग्रंथालयात बसून चाळावा. नवी प्रत मिळणे सोपे नाही, म्हणून हव्या त्या पानांची टिपणे काढण्यासाठी वही सोबत न्यावी.